लाकडाची होडी मातीत जाते, फायबरची कुठे जाणार?

विशेष प्रतिनिधी

लाकडी होडी म्हातारी झाली की तिचे काय करायचे, हा प्रश्न किनाऱ्यावर फारसा कुणाला पडत नसे. धडक्या फळ्या दुसऱ्या होडीच्या किंवा घराच्या कामी येत, खिळे भंगारात जात, तुटके-फुटके चुलीत जाई आणि जे कुणीच नेले नाही ते खाडीच्या चिखलात कुजून मातीला मिळे. फायबरच्या होडीला यांपैकी एकही वाट मोकळी नाही. ती कुजत नाही. तोडली तर तिच्या तुकड्यांना गिऱ्हाईक नाही. जाळली तर डोळे चुरचुरवणारा काळा धूर निघतो आणि काचेची जाळी तशीच मागे उरते. भंगारवाला इंजिन आणि इतर धातू तेवढा उचलतो. सांगाडा तिथेच सोडतो.

जगभरातील नौकाबांधणी उद्योगापुढे आज नेमका हाच सांगाडा उभा आहे. गेल्या दहा वर्षांत युरोपातील, विशेषतः फ्रान्समधील काही कंपन्यांनी त्यावर उपाय शोधण्यासाठी एकत्र येण्याचा प्रयत्न चालवला आहे. राळ बनवणारे रसायन उद्योग, काचतंतू काढणारे कारखाने, कापड विणणारे, कचरा गोळा करणारे आणि होड्या बांधणारे अशी ही साखळी आहे. एरवी या मंडळींचा संबंध खरेदी-विक्रीच्या पावतीपुरता असे. आता त्यांना एकमेकांच्या कचऱ्याचा हिशेब ठेवावा लागत आहे.

अंडे उकडले की उकडले

फायबरची होडी म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवे. काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू काढतात. त्या तंतूंचे कापड किंवा चटई साच्यात अंथरतात आणि त्यावर पातळ कृत्रिम राळ ओततात. राळेत कडक करणारे रसायन मिसळलेले असते. काही वेळात ती घट्ट होते आणि काचेच्या तंतूंना कायमची धरून ठेवते. काच ताण सोसते, राळ आकार धरते. दोन निरनिराळ्या पदार्थांनी मिळून असे काम करणे यालाच संमिश्र द्रव्य म्हणतात. आपल्याकडे भिंतीच्या मातीत भाताचा पेंढा कालवत, त्यामागचे तत्त्व फार वेगळे नव्हते.

अडचण राळेत आहे. होड्यांसाठी सर्वत्र वापरली जाणारी पॉलिएस्टर राळ ही रसायनशास्त्राच्या भाषेत 'उष्मादृढ' असते. घट्ट होताना तिच्या लांबलचक रेणूंमध्ये आडवे बंध तयार होतात आणि सारी होडी जणू एकच महाकाय रेणू होऊन बसते. उकडलेले अंडे पुन्हा पातळ करता येत नाही, तशी ही राळ तापवून वितळत नाही. फार तापवली तर ती करपते. याउलट बादल्या, पाण्याच्या बाटल्या, अ‍ॅक्रिलिकचे पत्रे ही 'उष्मामृदू' प्लास्टिके. ती मेणासारखी, तापवली की मऊ, निवली की घट्ट. मग होड्या या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकच्या का बांधल्या नाहीत? कारण वितळलेले साधे प्लास्टिक मधासारखे दाट असते. काचेच्या दाट विणीत ते झिरपत नाही, आणि त्याला झिरपवण्याइतकी उष्णता व दाब देणारा साचा बारा मीटरच्या होडीसाठी परवडत नाही. पॉलिएस्टर राळ मात्र साध्या तापमानाला पाण्यासारखी वाहते. साध्या शेडमध्ये, ब्रश आणि रोलर घेऊन चार माणसे होडी बांधू शकतात. या सोपेपणातच तिचे यश होते.

अमेरिकेतील टोलेडो या गावात रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू व पॉलिएस्टरची छोटी शिडाची होडी बांधली. आधुनिक फायबर नौकांचा उगम सामान्यतः तिथे मानला जातो. काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन करणारी ओवेन्स कॉर्निंग ही कंपनीही १९३८ मध्ये त्याच गावात स्थापन झाली होती. साठच्या दशकापासून युरोपात आणि अमेरिकेत फायबरच्या सहलीच्या नौकांची लाट आली. लाकडी होडीला दरवर्षी डागडुजी, सांधे भरणे, कीड आणि शिंपल्यांपासून बचाव असे सोपस्कार लागत. फायबरला ते जवळजवळ नाहीत. मध्यमवर्गीय माणूस नौकेचा मालक होऊ शकला तो या द्रव्यामुळे. त्या लाटेतील नौका आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत.

युरोपीय संघात सहलीच्या नौकांची संख्या साठ लाखांच्या आसपास मानली जाते. त्यांपैकी दरवर्षी सुमारे ८० हजार नौका निकालात निघतात आणि त्यातील जेमतेम दोन हजार रीतसर मोडल्या जातात, असा अंदाज युरोपीय आयोगाच्या स्तरावरील अभ्यासांत वारंवार दिला गेला आहे. बाकीच्या कुठे जातात? काही धक्क्यावर भाडे थकवून उभ्या राहतात, काहींचे मालक बेपत्ता होतात, काही खाड्यांत सोडल्या जातात, काही मुद्दाम बुडवल्या जातात. समुद्रात बुडवण्याला पर्याय काय, यावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला २०१९ मध्ये स्वतंत्र अहवाल काढावा लागला, यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी.

बुडवलेली किंवा सोडलेली होडी निरुपद्रवी असते, असा समज बराच काळ होता. तो आता टिकत नाही. ब्रायटन आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील चिचेस्टर बंदरातील कालवे व शिंपले तपासले. त्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एक किलो कालवांत काचेचे ११ हजार २२० पर्यंत आणि एक किलो शिंपल्यांत २ हजार ७४० पर्यंत कण त्यांना आढळले. नौकांची घासकाम-दुरुस्ती जिथे होते आणि जुन्या नौका जिथे पडून राहतात, त्या परिसरातील हे पाणी आहे. कालव हा स्वतः पाणी गाळून खाणारा जीव. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठते. आपल्याकडे खाडीच्या खडकांवरची कालवे फोडून आणणाऱ्या बायकांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

सहा कंपन्यांचे एक वर्तुळ

फ्रान्सच्या वांदे प्रांतातील क्रुआ-द-वी या मासेमारी बंदरात बेंजामिन बेनेतो यांनी १८८४ मध्ये लाकडी मासेमारी नौका बांधण्याचा कारखाना काढला. साठच्या दशकात त्यांच्या वारसांनी फायबरकडे मोहरा वळवला आणि पुढे बेनेतो समूह जगातील सर्वांत मोठ्या नौकाबांधणी समूहांपैकी एक झाला. म्हणजे लाकूड सोडून फायबर घेण्यात जे पुढे होते, त्यांनाच आता फायबरच्या म्हातारपणाची काळजी घ्यावी लागत आहे.

त्यांच्या हाती एक नवे साधन आले ते आर्केमा या फ्रेंच रसायन कंपनीकडून. 'एलियम' नावाची राळ या कंपनीने गेल्या दशकाच्या मध्यास बाजारात आणली. ती मूलतः अ‍ॅक्रिलिकच्या घराण्यातील, म्हणजे उष्मामृदू आहे. पण ती डब्यात येते ती पातळ द्रव म्हणून. निर्वात पिशवीच्या साहाय्याने काचेच्या कापडातून ती सहज ओढून घेता येते आणि मग साच्यातच तिचे घन प्लास्टिक होते. वर सांगितलेली दाटपणाची अडचण अशी मुळातच टाळली गेली. होडी बांधणाऱ्याला साचे, पंप, पिशव्या फारशा बदलाव्या लागत नाहीत.

याहून महत्त्वाचा गुण शेवटी दिसतो. अ‍ॅक्रिलिक साधारण ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवले की त्याच्या लांब साखळ्या करपण्याऐवजी कड्या-कड्यांनी सुटतात आणि ज्या मूळ द्रवापासून ते बनले, तोच द्रव बहुतांशी परत मिळतो. तो शुद्ध करून त्याची पुन्हा राळ करता येते. काचेचे तंतू मोकळे होऊन बाजूला पडतात. फायबरच्या कचऱ्याचा भुगा करून तो कुठेतरी भरीला घालणे आणि हे, यांत मोठे अंतर आहे.

प्रयोगाची सुरुवात शर्यतीच्या नौकांपासून झाली. लालू रुकेरोल या फ्रेंच नौकास्वाराच्या कार्यशाळेत साडेसहा मीटरची 'आर्केमा ३' आणि नंतर २०२० मध्ये पन्नास फुटी तीन सांगाड्यांची 'आर्केमा ४' तयार झाली. शर्यतीची नौका ही तशी चाचणीची निर्दय जागा. अटलांटिकच्या लाटांना प्रसिद्धिपत्रके वाचता येत नाहीत. त्यानंतर वान येथील मल्टीप्लास्ट कारखान्यात 'सन फास्ट ३० वन डिझाइन' ही शर्यतींच्या क्लबांसाठीची नौका एलियममध्ये बांधली जाऊ लागली आणि बेनेतोने 'फर्स्ट ४४ ई' ही सहलीची मोठी नौकाही याच राळेत आणली. एखादा नमुना बांधून दाखवणे वेगळे आणि ग्राहकाला हमीपत्रासह विकणे वेगळे. त्या अर्थाने हा टप्पा महत्त्वाचा.

पण राळ बदलली म्हणजे काम झाले, असे नाही. तुटलेली होडी कारखान्यापर्यंत आणायची कुणी, कापायची कुणी, वेगळी काढलेली काच घ्यायची कुणी? यासाठी बेनेतो, आर्केमा, वेओलिया, कॉम्पोझिट रीसायकलिंग, ओवेन्स कॉर्निंग आणि शोमारा अशा सहा कंपन्यांनी हातमिळवणी केली. वेओलियाने कचरा गोळा करून त्याचे तुकडे करायचे. कॉम्पोझिट रीसायकलिंग या स्वित्झर्लंडमधील नवख्या कंपनीने तो प्राणवायूविरहित भट्टीत तापवून राळ आणि काच वेगळी करायची. तिची यंत्रणा कंटेनरमध्ये मावणारी, म्हणजे कचऱ्याच्या जागी नेता येण्याजोगी आहे. निघालेले तेल आर्केमाने शुद्ध करून राळेत वळवायचे, काच ओवेन्स कॉर्निंगने आपल्या भट्टीत वितळवून पुन्हा तिचे तंतू ओढायचे, शोमाराने त्याचे कापड विणायचे आणि बेनेतोने त्यातून होडी बांधायची. सुरुवात झाली ती कारखान्यातील कापाकापीत उरणाऱ्या तुकड्यांपासून. तो माल स्वच्छ असतो आणि त्यात काय आहे हे ठाऊक असते. चाळीस वर्षांच्या होडीबद्दल तसे म्हणता येत नाही.

काच पुन्हा वितळवण्याची गरज का पडावी, असा प्रश्न चिकित्सक वाचकाला पडेल. काचेचा तंतू चारपाचशे अंशांवर तापला की त्याची ताकद निम्म्याहून अधिक घटते, आणि त्यावरचा जो पातळ लेप राळेला धरून ठेवतो तो जळून जातो. भट्टीतून मोकळे झालेले तंतू दिसायला चांगले असले तरी होडीच्या तळाला लावण्याजोगे राहत नाहीत. कार्बनचे तंतू महाग, म्हणून ते वाचवण्याचा खर्च भरून निघतो. काचेचा नवा तंतू इतका स्वस्त आहे, की जुना वाचवणे हा तोट्याचाच धंदा ठरतो. या एका गोष्टीने आजवर कितीतरी चांगले प्रयत्न बसवले. सहा कंपन्यांनी एकत्र येण्यामागचे खरे कारणही हेच आहे. एकट्याने केल्यास प्रत्येक पायरीवर तोटा आहे. तो वाटून घेतला तरच वर्तुळ पुरे होते.

आक्षेपही आहेत आणि ते किरकोळ नाहीत. एलियम ही एका कंपनीच्या मालकीची राळ आहे आणि ती पॉलिएस्टरपेक्षा महाग पडते. तिच्यात स्टायरिन नाही हे खरे, पण तिच्या द्रवाची वाफ उग्र वासाची व ज्वालाग्राही असल्याने कार्यशाळेत हवा खेळती ठेवण्याची कडक व्यवस्था लागते. जाड भागात घट्ट होताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने राळेला उकळी फुटू शकते. होडी म्हणजे नुसती राळ-काच नव्हे. मध्ये फोमचा किंवा बाल्सा लाकडाचा गाभा असतो, वर रंगाचा थर, तळाला शेवाळ-शिंपले रोखणारा विषारी लेप, जागोजागी चिकटवलेले भाग. आणि आज बांधलेली नौका मोडीत निघेल ती २०६० च्या सुमारास. ती कोणत्या राळेची आहे हे तेव्हा कुणाला आणि कसे कळणार? 'पुनर्वापरयोग्य' हा शब्द जाहिरातीत आज छापला जातो, प्रत्यक्ष पुनर्वापर पुढच्या पिढीने करायचा आहे. तोपर्यंत भट्टी, कंपनी आणि करार टिकले पाहिजेत.

मोडणावळीचा खर्च कुणाच्या माथी?

यापूर्वीच बांधलेल्या पॉलिएस्टरच्या लक्षावधी होड्यांना तर नवी राळ कामाची नाहीच. तिथे प्रश्न विज्ञानाचा कमी आणि पैशाचा अधिक आहे. फ्रान्सने त्यावर कायद्याने उत्तर काढले. अडीच ते चोवीस मीटर लांबीच्या सहलीच्या नौकांसाठी उत्पादक व आयातदारांवर २०१९ पासून जबाबदारी टाकण्यात आली. नवी नौका विकताना ते ठरावीक अंशदान भरतात; नौकांवरील वार्षिक कराचाही एक हिस्सा त्यात येतो. 'आपेर' ही उद्योगानेच उभारलेली संस्था देशभरच्या केंद्रांत जुन्या नौका फुकट मोडून देते. मालकाने फक्त नौका केंद्रापर्यंत आणून द्यायची. आजवर हजारो नौका अशा मोडल्या गेल्या आहेत. वाहतुकीचा खर्च मात्र मालकाच्याच माथी आहे आणि मोठ्या नौकेच्या बाबतीत तीच खरी मेख ठरते.

जपानने याहून आधी, २००५ मध्ये, नौका उद्योग संघटनेमार्फत फायबर होड्यांची पुनर्प्रक्रिया सुरू केली होती. नॉर्वेने २०१७ मध्ये जुनी होडी जमा करणाऱ्याला एक हजार क्रोनर देण्याची योजना आणली. रद्दीवाल्याने पैसे द्यावेत तसे.

मोडलेल्या फायबरचे पुढे बहुतेक ठिकाणी एकच होते: ते सिमेंटच्या भट्टीत जाते. राळ इंधन म्हणून जळते आणि काचेतील सिलिका व चुना सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळून जातो. वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश भाग असा सिमेंटमध्ये उतरतो, राख वेगळी उरत नाही. जमिनीत पुरण्यापेक्षा हे शतपटीने बरे. पण होडीची पुन्हा होडी होत नाही, हेही तितकेच खरे.

अळशी, बसाल्ट आणि पवनचक्की

राळ बदलण्याऐवजी तंतू बदलण्याची दुसरी वाट आहे. जर्मनीतील ब्रेमेनच्या ग्रीनबोट्सने अळशीच्या खोडाच्या धाग्यांपासून 'फ्लॅक्स २७' ही नौका बांधली. स्वित्झर्लंडची बीकॉम्प ही कंपनी अशा धाग्यांची कापडे पुरवते. इटलीतील नॉर्दर्न लाइट कॉम्पोझिट्सने अळशीचे धागे आणि एलियम यांची सांगड घालून 'इकोरेसर' तयार केली. अळशीचा धागा हलका आणि कंपने शोषणारा असतो; ओलावा पिणे हा त्याचा दुर्गुण. पाण्यात वावरणाऱ्या वस्तूसाठी तो मामुली म्हणता येणार नाही. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील विंडेलो कंपनी बसाल्ट खडकापासून काढलेले तंतू आणि बाटल्यांच्या प्लास्टिकपासून केलेला फोम वापरते. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. अर्थात कोणताही बसाल्ट तंतू ओढायला चालत नाही, हे लगेच सांगायला हवे.

नौका उद्योगापेक्षा किती तरी मोठा असलेला पवनऊर्जा उद्योग याच अडचणीत आहे, आणि खरा रेटा तिकडूनच येण्याची शक्यता अधिक. पवनचक्कीचे पातेही काचतंतू आणि उष्मादृढ राळेचेच असते. 'झेब्रा' नावाच्या फ्रेंच प्रकल्पात एलियमचे ६२ मीटर लांबीचे पाते २०२२ मध्ये तयार झाले. सीमेन्स गमेसाने मात्र वेगळा मार्ग घेतला. तिच्या पुनर्वापरयोग्य पात्यांत आदित्य बिर्ला समूहाचे 'रीसायक्लामिन' हे रसायन वापरले जाते. ते इपॉक्सी राळेला घट्ट करते; पण त्याच्या बंधांत मुद्दाम कच्चे दुवे ठेवलेले असतात. सौम्य आम्लात गरम केल्यावर ते दुवे तुटतात आणि राळ विरघळून तंतू अखंड हाती येतात. चारशे अंशांची भट्टी लागत नसल्याने तंतूंची ताकद फारशी घटत नाही. जर्मनीजवळच्या समुद्रातील कास्कासी प्रकल्पात अशी पाती २०२२ मध्ये बसवली गेली.

मुंबईशी या व्यवहाराचा दुसरा धागाही जुळतो. ओवेन्स कॉर्निंगने आपला काचतंतूंचा व्यवसाय मुंबईस्थित प्राणा समूहाला विकण्याचा करार फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केला. गोव्यात कोलवाळ येथील काचतंतूंचा कारखाना याच समूहाशी निगडित आहे. टोलेडोपासून निघालेल्या धाग्याचे हे टोक आपल्या दाराशी आले आहे, ही बाब आर्थिक पानांवरील एका बातमीपलीकडे फारशी चर्चिली गेली नाही.

आपल्या किनाऱ्यावर

युरोपात प्रश्न हौशी माणसांच्या नौकांचा आहे. आपल्याकडे तो पोटापाण्याच्या होड्यांचा आहे. भारतात फायबरच्या मासेमारी होड्या दक्षिणेत आधी रुजल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीच्या पैशातून फायबरच्या होड्यांचे मोठ्या प्रमाणात वाटप झाले. घाईघाईत उघडलेल्या कार्यशाळांतून निघालेल्या काही होड्यांच्या दर्जाबद्दल तेव्हाच तक्रारी झाल्या होत्या. रोज वाळूवर ओढली जाणारी मासेमारी होडी सहलीच्या नौकेएवढी जगत नाही. त्या लाटेतील होड्यांचे आयुष्य आता सरले आहे.

महाराष्ट्रात सागाच्या होड्यांची परंपरा अधिक काळ टिकली. पण लाकडाचे भाव, कसलेल्या सुतारांची घटती संख्या आणि डागडुजीचा वार्षिक खर्च यांनी लहान नाखवाही फायबरकडे वळू लागला. त्याला दोष देता येणार नाही. लाकडी होडीचा सांधा गळायला लागला तर हंगामातले चार दिवस जातात आणि हंगामातल्या दिवसांची भरपाई कुणी देत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होड्यांच्या बदल्यात नव्या होड्यांसाठी साह्य देण्याची तरतूद करण्यात आली. जी होडी बदलली जाते तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्या होडीबरोबरच किनाऱ्यावर राहतो.

कायद्याच्या चौकटीत ही होडी कुठेच बसत नाही. जहाजांच्या पुनर्चक्रीकरणाचा २०१९ चा कायदा ५०० टनांहून लहान जहाजांना लागू नाही. अलंगच्या किनाऱ्यावर मोडली जाणारी जहाजे त्याच्या नजरेसमोर आहेत. २६ जून २०२५ पासून अमलात आलेल्या हाँगकाँग कराराची मर्यादाही तीच. उत्पादकावर वस्तूच्या अखेरीची जबाबदारी टाकण्याचे तत्त्व भारताने प्लास्टिकची वेष्टने, इलेक्ट्रॉनिक कचरा, बॅटऱ्या, टायर आणि आता मोटारगाड्या यांना लावले आहे. होड्या त्या यादीत नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उष्मादृढ प्लास्टिक व फायबरच्या कचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. शक्य तेवढा कचरा टाळावा आणि उरलेला सिमेंटच्या भट्ट्यांत जाळावा, असा त्यांचा आशय. सूचना योग्यच आहे. पण राज्यातील मोठ्या सिमेंट भट्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात, गडचांदूर-आवारपूर-घुग्घुस परिसरात एकवटल्या आहेत आणि होड्या आहेत डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत. मधले अंतर आठशे-हजार किलोमीटरचे. पोकळ, अवजड आणि विकून दमडीही न देणारी होडी स्वखर्चाने विदर्भात कोण पाठवणार? किनाऱ्यावरच ती कापून, तिचा चुरा करून गाडी भरण्याइतका माल एकत्र करणारे केंद्र हवे. फ्रान्सच्या अनुभवातून घ्यायचा धडा राळेइतकाच या केंद्रांचा आहे. असे कापकाम उघड्यावर, तोंडाला फडके बांधून करून भागणार नाही, हेही चिचेस्टरच्या कालवांनी दाखवले आहे.

दुसरा मार्ग फायबरच टाळण्याचा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोच्या बोटींचे सांगाडे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या या बोटी मोडीत निघतील तेव्हा त्यांना भंगाराच्या बाजारात भाव असेल. मुंबई परिसरात जलवाहतुकीच्या ज्या योजना आखल्या जात आहेत, त्यांच्या निविदांत सांगाडा कशाचा आणि शेवटी तो कोण परत घेणार, हे दोन रकाने घालायला फारसा खर्च येणार नाही.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कार्यशाळेत नौदलाची 'म्हादेई' बांधली गेली. देवदारसदृश लाकडाच्या पट्ट्यांवर काचतंतू आणि इपॉक्सीचा थर अशी तिची रचना. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यानंतर दांडेकरांच्या 'होडी इनोव्हेशन्स'ने अगदी उलट्या टोकाचे काम हाती घेतले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून त्यांनी एकही खिळा न मारता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून 'कौंडिण्य' हे जहाज उभारले. केरळमधील कारागिरांनी ते शिवले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. त्यात लाकूड, काथ्या, नैसर्गिक राळ आणि तेल एवढेच आहे. रोजच्या मासेमारीसाठी कुणी अशी होडी शिवून घेणार नाही, हे उघड आहे. पण काचतंतूत मुरलेली आणि काथ्याने शिवलेली अशा दोन्ही तऱ्हांच्या नौका बांधलेले कारागीर आपल्याच किनाऱ्यावर आहेत. मोडता येईल अशा होडीवर काम करायचे झाल्यास राळ आणि तंतू बनवणाऱ्या उद्योगांशी त्यांची गाठ घालून देणारा दुवा मात्र अद्याप कुणी बांधलेला नाही.